ग्राहकाच्याच सर्व्हरवर चालणाऱ्या वेब अ‍ॅपमध्ये युजरच्या परमिशन सुरक्षित कशा ठेवायच्या?

तुमचं म्हणणं असं की अ‍ॅप ग्राहकाच्या सर्व्हरवर आहे, डेटाबेसचा पासवर्डही त्यांच्याच हातात. मग कुणी थेट टेबलात शिरून स्वतःला अ‍ॅडमिन करू नये म्हणून रोलचा, म्हणजे कुणाला काय अधिकार ते सांगणारा, कॉलम एन्क्रिप्ट करावा का?

आम्ही केला होता, एका पतसंस्थेसाठी. त्यांच्या आयटीवाल्या पोराने तो वाचायचा खटाटोपच केला नाही. मॅनेजरच्या ओळीतली गिचमिड उचलली, स्वतःच्या ओळीत चिकटवली, झाला मॅनेजर. मग आम्ही त्या मजकुरात युजर आयडी गुंफला, म्हणजे एकाची गिचमिड दुसऱ्याला चालेना. तर पठ्ठ्याने आपल्या पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेली, उलट न फिरवता येणारी खूण) मॅनेजरच्या ओळीत टाकला आणि सरळ मॅनेजरच्या नावाने लॉगिन केलं. आम्ही हॅश बीक्रिप्ट पद्धतीने बनवत होतो, आणि त्या हॅशमध्ये सॉल्ट (पासवर्डसोबत मिसळलेला यादृच्छिक मजकूर) आतच असतो, त्यामुळे तो कुठल्याही ओळीत चालतो. हेही बुजवलं असतं, पण एन्क्रिप्शनची किल्ली त्याच मशिनवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये पडलेली होती.

ज्याच्याकडे रूट, म्हणजे मशिनचा पूर्ण ताबा, आहे त्याला तुमचा कोड अडवू शकत नाही. तो नाद सोडा आणि बाकीच्या युजरकडे बघा, कारण खरी गळती तिथे असते. त्याच संस्थेत एका क्लार्कने यूआरएलमधला कर्जखात्याचा नंबर बदलला आणि दुसऱ्या शाखेचं खातं उघडलं! आम्ही मेनूतून बटण लपवलं होतं, सर्व्हरवर मात्र काहीच तपासत नव्हतो. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या धोक्यांच्या 2017 च्या यादीत ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल, म्हणजे परवानगीची तपासणी फसणं, पाचव्या क्रमांकावर होतं, 2021 मध्ये पहिल्यावर आलं, ते उगाच नाही. प्रत्येक रिक्वेस्टला सर्व्हरने विचारलंच पाहिजे: हा कोण, आणि हे खातं याच्या शाखेचं आहे का? स्पष्ट परवानगी नसेल तर नकार. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर रो लेव्हल सिक्युरिटी जोडीला लावा, म्हणजे कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याच्या पॉलिसी डेटाबेसच पाळतो. पण अ‍ॅप टेबलाच्या मालकाच्या नावाने जोडलं जात असेल, तर फोर्स केल्याशिवाय पॉलिसी लागूच होत नाही. डेटाबेसच्या सुपरयुजरला (ज्याला सगळेच अधिकार असतात) तर कधीच नाही.

टोकन (लॉगिननंतर युजरची ओळख सांगणारी डिजिटल चिठ्ठी) साइन करायची किल्ली इन्स्टॉल करतानाच नवी तयार होऊ द्या. डॉकर इमेजमध्ये, म्हणजे ग्राहकाला द्यायच्या तयार पॅकेजमध्ये, एकच किल्ली भरून सगळ्यांना दिलीत, तर एका ग्राहकाला दुसऱ्याच्या अ‍ॅडमिनचं टोकन घरबसल्या बनवता येईल. लायसन्सची युजरसंख्या मात्र तुमच्या ऑफिसातल्या प्रायव्हेट कीने साइन करा, अ‍ॅपसोबत फक्त पब्लिक की जाऊ द्या, जिने सही तपासता येते पण करता येत नाही. कोड फोडून तपासणीच काढून टाकणाराही भेटेल. त्याच्यासाठी करारात कलम घाला.

राहिला तो पोरगा. टेबलात थेट केलेला बदल अ‍ॅपच्या लॉगमध्ये येत नाही, म्हणून पोस्टग्रेसचा स्वतःचा लॉग आम्ही लगोलग दुसऱ्या मशिनवर पाठवतो. त्या मशिनचा पासवर्ड मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे असतो. लॉग बंद केला तर तिकडे ओळी यायच्या थांबतात, आणि साहेबांचा फोन येतो.