नव्या खुब्यानंतर पाय लांब का वाटतो?

प्रश्न : माझं वय ६६. चार महिन्यांपूर्वी डावा खुबा बदलला. खुब्याचं दुखणं गेलं, पण तो पाय लांब झाल्यासारखा वाटतो आणि आता कंबर धरते. मुलगी म्हणते, मी एका बाजूला कलून उभी राहते. सांध्याचं माप चुकलं असेल का? उजव्या चपलेला जाड टाच लावून घेऊ का?

उत्तर : काकू, टाच इतक्यात नको. पाय खरंच लांब झालाय की नुसता वाटतोय, हे आधी बघू.

खुबा वर्षानुवर्षं दुखत असला की माणूस तो पूर्ण सरळ करतच नाही. मांडीचे पुढचे स्नायू आखडतात, कंबरेचं हाड पुढे झुकतं आणि ताठ उभं राहायचं म्हणून कंबरेचा बाक वाढतो. खुबा आणि कण्याच्या या जोडदुखण्याला १९८३ मध्ये ऑफिएर्स्की आणि मॅकनॅब या सर्जननी 'हिप-स्पाइन सिंड्रोम' म्हटलं. ऑपरेशनमध्ये सांधा बदलतो. आखडलेले स्नायू आणि उभं राहायची सवय मात्र जुनीच राहते. शिवाय झिजलेल्या खुब्याने पाय आधी थोडा आखूड झालेला असतो. तो बरोबरीला आणला, तरी तुम्हाला लांबच वाटणार.

आरशासमोर अनवाणी उभ्या राहा. तळहात कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडांवर टेकवा. एक हात खाली दिसतो? आता टणक स्टुलावर बसून तेच करा. बसल्यावर हात एका रेषेत आले, तर गडबड पायात किंवा खुब्याच्या स्नायूंत आहे. बसूनही तिरकेच राहिले, तर कणाच वाकलेला असू शकतो. तिथे टाचेचा काय उपयोग?

स्नायूंचा ताण पहिल्या सहा-आठ महिन्यांत बऱ्याचदा सुटतो. सर्जनना विचारून रोज थोडा वेळ पालथं झोपा, कुल्ल्याचे व्यायाम चुकवू नका. काठी वापरत असाल तर ती उजव्या हातात हवी. दुखऱ्या बाजूलाच काठी धरून कलत चालणारे मी रोज बघते! एवढं करूनही फरक राहिला, तर उभ्याने एक्स-रे काढून मापावं आणि मगच टाचेचं ठरवावं, तीही बेताचीच.

मणके पूर्वी स्क्रू घालून जोडले असतील तर सर्जनना नक्की सांगा. बसताना कंबरेचं हाड साधारण २० अंश मागे कलतं. जखडलेल्या कण्यात ते जमत नाही आणि नवा खुबा निखळायचा धोका वाढतो. पाय बधिर झाला, पाऊल उचलेना किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर लगेच हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : वडिलांचा गुडघा नुकताच बदललाय. गुडघ्याखाली उशी घेतली की त्यांना बरं वाटतं. चालेल ना?

उत्तर : नाही. गुडघा वाकलेलाच आखडतो. मग उभं राहताना कंबरेचा बाक सपाट होतो, खांदे पुढे येतात आणि थोडं चाललं तरी पाठ भरून येते. उशी हवीच असेल तर टाचेखाली ठेवा. पहिले काही दिवस ते कुरकुर करतील, करू द्या.