पीककर्जातून भरलेला चाइल्ड प्लॅन

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची हापूसची दीडशे कलमं आहेत. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, 71 टक्के. पुढे काय करायचं ते तिचं ठरत नाही. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाचा माणूस आठवड्यातून तीनदा फोन करतो. फी साडेतीन लाख, हॉस्टेल वेगळं. घरचे म्हणतात, रत्नागिरीला गोगटे-जोगळेकरला घाला, मुंबई विद्यापीठाची डिग्री मिळेल. काय बरं? फीची सोय आहे. दोन वर्षांपूर्वी बँकेतच मार्केटला जोडलेला चाइल्ड प्लॅन घेतला. वर्षाला दीड लाख, पाच वर्षांत दुप्पट. हप्ता पीककर्जातून भरतो, त्याला व्याज लागत नाही.

उत्तर : तुमच्या पत्राची शेपटी आधी धरतो.

हा प्लॅन म्हणजे युलिप, विमा आणि शेअर बाजारातली गुंतवणूक एकत्र. त्याला पाच वर्षांचं लॉक-इन असतं, तोवर पैसे काढता येत नाहीत. दोन झाली, तीन उरली, आणि डिग्रीही तीन वर्षांचीच. म्हणजे ज्या पैशांतून पहिल्या वर्षाची फी भरायची म्हणताय, ते लेकीचा शेवटचा निकाल लागेल तेव्हा सुटणार. ही फीची सोय नव्हे.

आता ते दुप्पट. पाच हप्त्यांचे साडेसात लाख होतात. त्यांचे 15 लाख व्हायला दरसाल 24 टक्के सुटायला हवेत, कारण शेवटच्या हप्त्याला वाढायला जेमतेम वर्ष मिळतं. कंपनीच्या छापील तक्त्यात 4 आणि 8 टक्के असे दोनच दर असतात. 8 टक्के धरून खर्च वजा केले तर नऊ लाखांच्या आसपास. ‘दुप्पट’ टेबलापलीकडून तोंडी सांगितलेलं असतं.

पण मला खरा धसका पीककर्जाचा आहे. तीन लाखांपर्यंत शून्य टक्के हे खरं, पण केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना, दोन्ही मुदतीत परतफेड केली तरच मिळतात. हापूस एक वर्षाआड धरतो हे मी तुम्हाला काय सांगणार! पीक बुडालं, मुदत चुकली, की सवलत गेली. शिवाय ते दीड लाख फवारणीचे आणि खताचे. बाग उपाशी ठेवून विमा कंपनीला खाऊ घालताय.

तिसरा हप्ता भरू नका. काही हजार दंड कापून रक्कम बंद पॉलिसींच्या फंडात जाईल, तिथे किमान 4 टक्के मिळतात, आणि लॉक-इन संपल्यावर तीन-सव्वातीन लाख हातात येतील. बंद केल्यावर विमाकवच जाईल, म्हणून त्याआधी 50 लाखांचा टर्म विमा (निव्वळ कवच, गुंतवणूक नाही) घ्या. सध्याचं कवच हप्त्याच्या दहापट धरलं तरी 15 लाखच. त्यावर घर चालणार नाही.

आता कॉलेज. पुण्याचे हॉस्टेल धरून वर्षाला पाच लाख, तीन वर्षांचे 15. रत्नागिरीला अनुदानित कोर्स असेल तर फी, खोली, मेस, एसटी धरून वर्षाला लाखाच्या आत-बाहेर. जिचं ठरलेलं नाही तिच्यासाठी मी हाच फरक बघतो: मन बदललं तर किती बुडतात? इथे एक वर्ष आणि लाखभर, तिथे पाच लाख आणि बापाचं तोंड.

मुंबई विद्यापीठ मोठं आहे म्हणून हुरळू नका. 1857 सालचं नाव डिग्रीवर येईल, पण लेक शिकणार कॉलेजात. गर्दी असते, विद्यापीठाचे निकाल रखडलेलेही आहेत (2017 साली ऑनलाइन पेपरतपासणीत ते महिनोन्महिने लांबले), आणि कोणी हाताला धरून काही सांगत नाही. तिच्या कामाची गोष्ट वेगळीच: गोगटे-जोगळेकरमध्ये कला, विज्ञान, वाणिज्य तिन्ही एकाच आवारात आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतला खुला विषयही घ्यावा लागतो. सायन्सवाल्या मुलीला अर्थशास्त्र जमतं का, ते असं स्वस्तात कळतं. ते विषय प्रत्यक्ष शिकवले जातात का, हे मात्र प्रवेशाआधी जाऊन विचारा.

पुढे ती इंजिनिअरिंग किंवा बीसीएकडे वळली, तर उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी गटांतल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतल्यास 2024-25 पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. पुढचा फोन येईल तेव्हा त्या माणसाला हे विचारून बघा.