लंडनच्या डिनरच्या निमंत्रणावर 'ब्लॅक टाय' (संध्याकाळचा औपचारिक पोशाख) लिहिलंय, पहिला टक्सिडो (त्यासाठीचा खास सूट) घेताना काय बघू?

काळा किंवा मिडनाइट ब्लू, एकच बटण. लॅपल (कोटाच्या गळ्याची दुमडलेली पट्टी) पीक, म्हणजे वर टोक काढलेला, किंवा शॉल, म्हणजे खाच नसलेला गोलसर. नॉच (खाचेचा) लॅपल दुकानदार हमखास पुढे करतो, कारण तो साध्या सुटाच्याच बेतावर शिवता येतो, घेऊ नका. लॅपलवर सॅटिन किंवा ग्रोग्रेन (बारीक उभार रेघांचं कापड) हवं. खिशांना झाकण नको.

कापड शुद्ध वुलचं घ्या. पॉलिएस्टर फोटोच्या फ्लॅशमध्ये चमकतं आणि गर्दीच्या हॉलमध्ये घाम काढतं.

खांदा आधी बघा. कंबर, बाही, पँटची उंची टेलर दुरुस्त करतो. खांदा उसवून बसवणं महागात पडतं आणि बहुतेकदा बिघडतं. बाहीखाली शर्टाचा कफ साधारण १ सेंमी दिसावा. मोजमाप देताना त्या दिवशीचेच बूट घाला.

पँटला बाहेरच्या शिवणीवर सॅटिनची पट्टी असते आणि बेल्टचे लूप नसतात. म्हणून साइड अ‍ॅडजस्टर (कंबर घट्ट करायच्या बाजूच्या पट्ट्या) किंवा गॅलिस (खांद्यावरून जाणारे पट्टे). कंबरेवर कमरबंद (रुंद चुणीदार पट्टा, चुण्या वरच्या दिशेने उघडणाऱ्या) किंवा खोल गळ्याचं वेस्टकोट, दोन्ही एकदम नाही. दोन्हीपैकी काहीच नसलं की कोटाच्या बटणाखाली शर्टाचा पांढरा त्रिकोण डोकावतो.

शर्ट पांढरा, डबल (दुमडायच्या) कफचा. कफलिंक आणि स्टड (शर्टाच्या पुढच्या काजांत घालायची सुटी बटणं) लागतील. बो टाय काळा, हाताने बांधायचा. एक दिवस आधी आरशासमोर सराव करा, आयत्या वेळी जमत नाही. काळे, चकचकीत ऑक्सफर्ड (लेसचे औपचारिक बूट) आणि गुडघ्यापर्यंतचे काळे मोजे.

एकदाच लागणार असेल तर सरळ भाड्याने घ्या.