डीएनए तपासून मुलाचं व्यसन टळेल का?

प्रश्न : सासरे आणि थोरले दीर दोघंही दारूपायी गेले. मुलगा आता बारा वर्षांचा आहे. लाळेवरून जनुकं तपासणाऱ्या किटची जाहिरात पाहिली. मागवू का? धोका निघालाच, तर व्यसनविरोधी कार्यक्रमाचा त्याच्यावर परिणाम होईल का? — एक आई, नाशिक

उत्तर : किट मागवू नका. घरातला इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, तेवढी माहिती पुरे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आशादायक आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागात संशोधक जीन ब्रॉडी यांच्या गटानं अकरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांची कुटुंबं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली. एका गटाला आठवड्याला एक अशा सात बैठका मिळाल्या : तासभर पालक एकीकडे, मुलं दुसरीकडे, मग तासभर सगळे एकत्र. २००९ साली निष्कर्ष आले. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा आखूड, धोक्याचा मानलेला प्रकार असलेल्या मुलांपैकी ज्यांना बैठका मिळाल्या नाहीत, त्यांच्यात दारू, गांजा, शरीरसंबंध यांची सुरुवात बैठका मिळालेल्यांच्या सुमारे दुप्पट दिसली. म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्यांनाच बैठकांनी सावरलं.

मग तपासणी का नको? एकेकट्या जनुकावरचे असे निष्कर्ष पुढे पुष्कळदा टिकलेले नाहीत. नमुने लहान आणि एका जनुकाचा वाटा नगण्य. अनेक जनुकांची बेरीज करून काढलेले धोक्याचे गुणांक बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले, आपल्याकडे ते आणखी डळमळतात. शिवाय ‘धोका कमी’ वाचून घर सैल पडतं आणि ‘जास्त’ वाचून पोरगा ‘रक्तातच आहे’ म्हणून मोकळा होतो.

शाळेत व्यसनविरोधी कार्यक्रम असेल, तर विचारा : तास किती, आणि मुलांकडून नकार देण्याचा सराव करून घेतात का? सडलेल्या फुप्फुसांची चित्रं दाखवून तासाभरात उरकलेलं भाषण फुकट जातं.

घरी नियम एका वाक्यात, स्पष्ट सांगा. तो कुठे, कुणाबरोबर आहे हे ठाऊक हवं. पण पोलिसी चौकशी केलीत की खोटं बोलणं सुरू. आणि सराव घ्या. हळदीची रात्र आहे असं समजा, तुम्ही चुलतभाऊ व्हा : “अरे, एकच घोट!” त्यानं “नको, सकाळी मॅच आहे” म्हणून तिथून उठायचं. पहिल्यांदा तो हसेल. तीन-चारदा करा, म्हणजे शब्द तोंडात बसतील. घरातल्या कुणाची पुडी आणायला त्याला टपरीवर पाठवणं मात्र आजच बंद.

त्यानं आधीच चव घेतली असेल, तर मारझोड नको. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर आधी तुम्ही बोला.