पोर्तुगीज अनेकवचन: 'मांउ'चं 'मांउस' आणि 'पांउ'चं 'पांइस' का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून पोर्तुगीज शिकताय. शेवटी 'एस' लावला की झालं अनेकवचन, असं वाटत होतं. मग 'मांउ' म्हणजे हात, त्याचं तुम्ही 'मोंइस' केलंत आणि समोरचा खो खो हसला. पुस्तक म्हणतं, 'आंउ'ने संपणाऱ्या बहुतेक शब्दांना 'ओंइस', उरलेले पाठ करा. आणि शब्दकोशात एकाच शब्दाची तीन तीन अनेकवचनं दिसतात, त्यातलं खरं कुठलं?

आधी उच्चाराचं सांगतो. मी ब्राझीलमधल्यासारखं लिहितोय. लिस्बनमध्ये, आणि रिओतही, शेवटचा 'स' बराचसा 'श' ऐकू येतो. आणि 'पांउ' (ब्रेड) यातला अनुस्वार म्हणजे न् किंवा म् नव्हे. 'संवाद' म्हणताना पहिल्या अक्षरावर नाकातून जे होतं, ते. हा आवाज मराठी माणसाला फुकटात मिळालेला आहे, इंग्रजी माणसाला तो घोटावा लागतो.

आता मुद्दा. पाठ करण्याआधी हे असं का होतं ते बघा, म्हणजे निम्मं ओझं उतरेल. लॅटिनमधून पोर्तुगीज घडताना, हजारेक वर्षांपूर्वी, दोन स्वरांच्या मधे सापडलेले 'न' आणि 'ल' गळून गेले. चंद्र लॅटिनमध्ये 'लुना', पोर्तुगीजमध्ये 'लुआ'. एकवचनात शब्दाच्या टोकाला उरलेला 'ल' वाचला. अनेकवचनात त्याच्यापुढे स्वर होता, म्हणून तो मेला. 'आनिमालेस' (प्राणी) यातला ल गेला आणि 'आनिमाइस' उरलं. म्हणून 'एल'ने संपणाऱ्या शब्दांना 'इस' लागतो: कागद 'पापेल', कागद अनेक 'पापेइस'. (ब्राझीलमध्ये एकवचनातला ल सुद्धा 'उ'सारखा म्हणतात, 'पापेउ'. म्हणजे कानाला ल कुठेच सापडत नाही.)

'आंउ'चंही दुखणं हेच, फक्त तिथे 'न' गेला. मूळ शब्द तीन वेगवेगळ्या घरांतले: सिंह 'लेओने', भाकरी-ब्रेडचा 'पाने', हाताचा 'मानु'. एकवचनात तिघेही घासत घासत एकाच 'आंउ'वर आले: लियांउ, पांउ, मांउ. अनेकवचनात मात्र जुने स्वर टिकले: लियोंइस, पांइस, मांउस. म्हणजे 'आंउ' हा एक प्रत्यय नाहीच, तीन वेगळ्या घरच्यांनी घातलेला एकच सदरा आहे. इंग्रजीत एकवचनावरून अनेकवचन करतात. इथे अनेकवचनच जास्त माहिती सांगतं. म्हणून मी वहीत दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहायचो आणि म्हणताना अनेकवचन आधी म्हणायचो.

स्पॅनिश थोडी येत असेल तर किल्लीच हातात आहे, कारण स्पॅनिशने तो न सांभाळला: लेओनेस, पानेस, मानोस. मधला न काढा, नाकात सोडा, झालं. स्पॅनिश येत नसेल तर इंग्रजीतले नातेवाईक शोधा. नातेवाइकाच्या स्पेलिंगात 'ऑन' (on) दिसला की 'ओंइस': लायन, मिलियन, आणि नेशनसारखे शेकडो शब्द. 'सोल्यूशन' तिकडे 'सोलुसांउ', अनेकवचन 'सोलुसोंइस'. हा गठ्ठा इतका मोठा आहे की अडलात तर बेधडक 'ओंइस' लावा. नवे शब्दही तिथेच जातात, विमान 'आवियांउ', विमानं 'आवियोंइस'. स्पेलिंगात 'अन' (an) दिसला तर सावध: ख्रिश्चन, पेगन, ऑर्फन, ऑर्गन यांचे पोर्तुगीज भाऊ 'आंउस' घेतात. शेवटच्या दोघांत आघातही (उच्चाराचा जोर) आधीच्या अक्षरावर आहे, आणि टोकाला आघात नसेल तर 'आंउस' हे जवळजवळ ठरलेलं. 'आंइस'वाले मोजकेच: पांउ, कुत्रा 'कांउ', जर्मन माणूस 'आलेमांउ', कप्तान 'कापितांउ'. हे चार पाठ करा, रोजच्या कामाला पुरतात. युक्तीला दगा देणारेही आहेत: व्होल्केनोत 'अन' आहे, तरी ज्वालामुखी सहसा 'वुलकोंइस' होतात.

बाकीचे नियम पटकन उरकतो. 'आर' किंवा 'झेड' शेवटी असेल तर 'एस' अक्षराआधी एक 'इ' येतो: फूल 'फ्लोर', फुलं 'फ्लोरिस'. शेवटी 'एम' असेल तर लिहिताना तो 'एन' होतो आणि पुढे एस. टोकाला आघात नसलेला 'एस' आधीच असेल तर काहीच करायचं नाही. 'लापिस' म्हणजे एक पेन्सिल आणि दहा पेन्सिलीही.

पुस्तकं जिथे एका ओळीत निसटतात ती जागा वेगळीच आहे: लिहिताना साधा एस, पण बोलताना आतला स्वर बदलतो. माझ्या शिक्षिकेने मला अंड्याचा शब्द इतक्या वेळा म्हणायला लावला की शेवटी दोघंही हसायला लागलो. एकवचन 'ओवु', तोंड जरा मिटलेलं. अनेकवचन 'ऑवुस', आपण 'ऑफिस' म्हणताना उघडतो तसं. डोळा 'ओल्यु', डोळे 'ऑल्युस'. पण सगळ्या शब्दांत असं होत नाही; लांडगा 'लोबु', लांडगे 'लोबुस', ओ जसाचा तसा. देवनागरीत ओ आणि ऑ वेगळे लिहिता येतात, तेव्हा वहीत खुशाल देवनागरीत लिहून ठेवा. 'आवो' म्हणजे आजोबा, 'आवॉ' म्हणजे आजी. दोघं मिळून 'आवॉस', उघड्या ऑने. 'आवोस' म्हणालात तर दोन आजोबा झाले!

आणि एक सवय इंग्रजीची लागते ती मोडा. विशेषणालाही अनेकवचन लागतं, आधीच्या उपपदालाही (इंग्रजीतल्या 'द'सारखा शब्द). आपण 'पांढरं घर, पांढरी घरं' असं जन्मभर म्हणतो, पण पुस्तक इंग्रजी असलं की मराठी विसरून 'पांढरं घरं' करून बसतो. घर 'आ काझा ब्रांका', घरं 'आस काझास ब्रांकास', तिन्हीकडे एस. ब्राझीलमध्ये गप्पांत पुष्कळ लोक फक्त उपपदाला एस लावतात आणि नाम तसंच सोडतात. ऐकून गोंधळू नका, आणि परीक्षेत तसं लिहू नका.

तीन अनेकवचनांचं: म्हाताऱ्या माणसाला 'आंसियांउ' म्हणतात, त्याला आंउस, ओंइस, आंइस तिन्ही चालतात. जिन्याच्या कठड्याचा 'कोरिमांउ' बघा. त्यात 'मांउ' म्हणजे हातच आहे, म्हणून जुनं रूप 'कोरिमांउस'. पण लोकांनी तो मोठ्या गठ्ठ्यात ढकलला आणि 'कोरिमोंइस'ही शब्दकोशात आलं. म्हणजे तुमचं 'मोंइस' ऐकून जो हसला, तो स्वतः जिना चढताना कदाचित तेच म्हणत असेल.