मोबाईल नेटवर्कच्या जागतिक धंद्यात खरंच भ्रष्टाचार आहे, की नुसती कुजबुज?

आहे, आणि कबूलही झालाय. आफ्रिकेतल्या जिबूती या देशात अधिकाऱ्यांना लाच दिल्याच्या आणि इतर देशांतल्या खोट्या नोंदींच्या प्रकरणात एरिक्सन या नेटवर्कची यंत्रणा बनवणाऱ्या स्वीडिश कंपनीने 2019 मध्ये अमेरिकेत 100 कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरली. त्या तडजोडीच्या अटी मोडल्यामुळे 2023 मध्ये पुन्हा दंड. उझबेकिस्तानातल्या लाचेपायी टेलिया या स्वीडिश मोबाईल सेवा कंपनीलाही 2017 मध्ये असाच फटका बसला.

आपल्याकडच्या टूजी परवाने वाटपाच्या प्रकरणाबाबत मात्र जपून बोला. सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये 122 परवाने रद्द केले हे खरं, पण 2017 मध्ये विशेष न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं.

मला जास्त काळजी वाटते ती कंपन्यांच्या कायद्यात बसणाऱ्या दबदब्याची. सोलापुरात नवी पेठेत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आत्ता समोर एका यंत्रमाग कामगाराचा फोन उघडा पडलाय. त्यातली नखाएवढी मोडेम चिप ज्या फोरजी-फाइव्हजी मानकांवर, म्हणजे सगळ्यांसाठी ठरवलेल्या तांत्रिक नियमांवर चालते, ती थ्रीजीपीपी या आंतरराष्ट्रीय मंचात ठरतात, आणि तिथले बहुतेक सदस्य कंपन्याच. आपलं पेटंट मानकात बसलं की फोनमागे रॉयल्टी मिळते, म्हणून मोठ्या कंपन्या बैठकांना इंजिनिअरांची फौजच पाठवतात. यात लाच कुठेच नाही. पण ही रॉयल्टी शेवटी या कामगाराच्या फोनच्या किमतीतच येते, आणि त्या बैठकीत त्याच्या बाजूने बोलणारं जवळजवळ कुणीच नसतं.