ठिपकेदार घोडा: आधी डोळे बघा

प्रश्न: मुलीच्या रायडिंग क्लासमध्ये नवा घोडा आलाय. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळे ठिपके. मोतद्दार त्याला ‘अबलख’ म्हणतो, सर ‘अ‍ॅपालूसा’. खरं काय? – एक वाचक, दादर

उत्तर: अबलख म्हणजे दोन रंगांचे मोठाले चट्टे. ठिपक्यांचं जनुक निराळं, त्यामुळे हा घोडा अबलख नाही. पण ठिपके आहेत म्हणजे अ‍ॅपालूसाच, असंही नाही. डेन्मार्कच्या नाबस्ट्रुपर जातीतही हेच जनुक आहे, तेव्हा जात कागदांवरूनच ठरते. अ‍ॅपालूसा मूळचा अमेरिकेतल्या पलूस नदीच्या परिसरातला, तिथल्या नेझ पर्स या आदिवासी जमातीने वाढवलेला. अमेरिकी सैन्याशी झालेल्या १८७७च्या युद्धानंतर त्यांचे कळप विखुरले. १९३८ साली ओरेगॉन राज्यात अ‍ॅपालूसा हॉर्स क्लब निघाला आणि जातीची पुन्हा नीट नोंद होऊ लागली.

ओळखताना ठिपक्यांवर फार विसंबू नका, वयानुसार अंगाचा रंग बदलतो. नाकपुड्या, ओठ आणि शेपटीखालची कातडी बघा: गुलाबी आणि काळी अशी बारीक चितकबरी हवी. बुबुळाभोवती माणसासारखा पांढरा भाग दिसतो. पाय पांढरा नसूनही खुरावर उभे पट्टे असले, तर तीही चांगली खूण.

प्रश्न: आमची ठिपक्यांची घोडी दिवसा छान चालते, अंधार पडला की अडखळते, बुजते. खोड आहे की आजार? – एक वाचक, बदलापूर

उत्तर: खोड समजून चाबूक उगारू नका, तिला बहुधा दिसतच नसेल. ठिपके आणणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असलेला घोडा जन्मतः रातांधळा असतो. ठिपके आणतो तोच टीआरपीएम१ या जनुकातला बिघाड; त्यामुळे मंद प्रकाशातला संदेश दृष्टिपटलात पुढे सरकत नाही. गंमत अशी की दोन प्रती असलेल्याच्या अंगावर ठिपके कमी असतात. पुठ्ठा जवळजवळ कोरा पांढरा असेल तर संशय जास्त. खात्रीसाठी आयाळीचे २०–३० केस मुळासकट उपटून जनुक-तपासणीला द्या. कापलेले केस चालत नाहीत.

हा दोष वयानुसार वाढत नाही आणि त्यावर औषधही नाही. तबेल्यात रात्री दिवा ठेवा, बादली आणि गव्हाणीची जागा बदलू नका, जवळ जाताना आधी आवाज द्या. कातरवेळेनंतर स्वारी नको.

प्रश्न: पावसाळ्यात घोड्याच्या एका डोळ्यातून पाणी येतं, मग आपोआप थांबतं. घरातले डोळ्यांचे थेंब घातले तर? – एक वाचक, वसई

उत्तर: नको. थेंबांत स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर डोळा जाऊ शकतो. डॉक्टर आधी फ्लुरोसिन रंग टाकून जखम तपासतात, मगच स्टिरॉइड देतात. सोबत बाहुली मोठी ठेवायला अ‍ॅट्रोपीन असतं. त्याने आतडी मंदावतात, म्हणून लिदीवर लक्ष ठेवा. ती कमी झाली किंवा घोडा पोटाकडे वळून बघू लागला तर लगेच कळवा.

पाणी थांबलं म्हणजे बरं झालं, असं धरू नका. वारंवार उलटणारा युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतला दाह) असाच येतो-जातो आणि प्रत्येक खेपेला डोळ्याचं थोडं नुकसान करतो. अ‍ॅपालूसात त्याचा धोका इतर जातींच्या सुमारे ८ पट. त्यातून या जातीत तो पुष्कळदा न दुखता येतो, त्यामुळे डोळा निळसर, गढूळ होईपर्यंत कुणाला पत्ताच लागत नाही. आठवड्यातून एकदा घोड्यासमोर उभे राहून दोन्ही डोळ्यांच्या पापण्यांचे केस ताडून बघा: दुखऱ्या डोळ्याचे केस खाली झुकतात. सावलीतही एकच बाहुली बारीक राहिली तर त्याच दिवशी डॉक्टर.

पावसाळ्याचा संबंध लेप्टोशी असू शकतो. उंदरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि युव्हिआयटिसला निमित्त होतात. दाणा झाकणाच्या पिंपात ठेवा, डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका.

प्रश्न: पट्ट्याचं खूर कच्चं असतं का? – एक वाचक, कर्जत

उत्तर: नाही. रंगाने खूर कच्चं होत नाही, ओल्या लिदीत उभं राहून होतं. रोज खूर उकरा आणि नालबंदाला ६ ते ८ आठवड्यांनी बोलवा.